मिलिंदचा रिडिम

एका फ्लॅटमध्ये चार मराठी माणसं आणि एक माईक ठेवला की किस्से आपोआप साचतात. आमचे साचले सिंगापुरात, बेडोकला, मिलिंदच्या फ्लॅटमध्ये, दोन हजार पाचच्या आसपास. हल्ली ते सांगायला घेतो आणि मधेच थांबतो.

मिलिंद नागपूरचा, चांगी बिझनेस पार्कात सॉफ्टवेअरवाला. वेड मात्र जमैकाच्या डान्सहॉल संगीताचं. तिथे एकच ठेका बनवतात, त्याला म्हणतात रिडिम, आणि त्याच्यावर दहा-वीस गायक आपापलं गाणं म्हणतात. असाच एक जुना, गाजलेला रिडिम त्याने कीबोर्डवर बसवला आणि आम्हाला त्यावर मराठीत गायला लावलं.

"हे काय नवीन खूळ?" मी म्हणालो.

"नवीन कुठे? माझे बाबा एकाच चालीवर दहा भीमगीतं बसवायचे! जमैकावाल्यांना उशिरा सुचलं."

* * *

पहिला नंबर जोशींचा. बँकेत ऑडिटर, पण लहानपणी तबला शिकलेले. हेडफोन लावला, डोळे मिटले, मान डोलवली. तीन मिनिटांत रिडिम संपला, तोंडातून एक शब्द नाही!

"काय झालं, जोशी?"

"समेची वाट बघत होतो!"

* * *

रेकॉर्डिंग व्हायचं कपड्यांच्या कपाटात, आतून रजया लटकवून. माझी बायको नीता आत गेली आणि पहिल्याच ओळीला ओरडली, "मिलिंद, इथे डांबरगोळ्या आहेत! गाऊ की श्वास घेऊ?"

त्या रेकॉर्डिंगमध्ये मागे मिलिंदचं हसणं आहे. आणि खोकला. खोकल्याकडे आम्ही कोणीच लक्ष दिलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

* * *

घशाचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागेल, डॉक्टर म्हणाले. आमची सगळ्यांची गाणी झाली होती, त्याचंच राहिलं होतं. ऑपरेशनच्या आदल्या रविवारी आम्ही धावत गेलो. "आज तुझा आवाज घेऊन टाकू!"

"आज नको. आज आईशी बोलतो."

नागपूरला फोन लावून दोन तास बोलला. कूलरमध्ये पाणी भरलं का, शेजारच्या मावशींचा गुडघा कसा आहे. ऑपरेशनचा शब्दही काढला नाही. आम्ही स्वयंपाकघरात बसून होतो. खरं सांगतो, मला त्याचा राग आला होता.

* * *

ऑपरेशननंतर हॉस्पिटलात तो वहीवर लिहून बोलायचा. जोशी भेटायला गेले आणि गडबडून स्वतःच हातवारे करायला लागले. मिलिंदने लिहिलं, "तुमचा घसा ठीक आहे. बोला!"

जोशी बाहेर येऊन लिफ्टपाशी रडले.

* * *

तीन महिन्यांनी त्याचा एसएमएस आला, "रविवारी या. माझा नंबर."

गळ्याला रुमाल बांधून तो कपाटात शिरला. हेडफोन लावला, मला बोटाने खूण केली. मी रेकॉर्डचं बटण दाबलं. ठेका सुरू झाला. तीन मिनिटं तो माईकसमोर उभा होता, ओठ हलत होते, हात लयीत उडत होते. नीता खिडकीबाहेर बघत होती.

ठेका संपला. तो बाहेर आला, घेतलेलं सगळं पहिल्यापासून नीट ऐकलं, नाराजीने मान हलवली आणि वही पुढे ओढली.

"दुसरं कडवं घाईत गेलं. परत घेऊ."