माहितीस्तव नावाचं फोल्डर

मला पसारा सहन होत नाही. घरात चपला ओळीत लागतात. बायकोने डाळ निवडून ठेवली तरी मी ते ताट परत एकदा डोळ्यांखालून घालतो. ती म्हणते, "तुमाला खडा सापडल्याबिगर जेवन गोड लागत न्हाई." खरं आहे ते. नोकरीत याच खोडीवर माझं नाव झालं आणि याच खोडीने एका बाईचं वाटोळं केलं. ही दुसरी गोष्ट माझ्याशिवाय आमच्या एका साहेबांनाच ठाऊक होती आणि ते आता निवृत्त होऊन दूर गेले आहेत.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत मी आवक-जावक कारकून होतो. तालुका कुठला आणि खातं कुठलं, ते सांगत नाही. राहायला सेलूला, रोज एसटीने जाऊन-येऊन. आवक-जावक म्हणजे आलेल्या कागदाला नंबर द्यायचा आणि गेलेल्या कागदाला नंबर द्यायचा. लोकांना हे काम बिनडोक वाटतं. पण कुठला कागद कुणाच्या टेबलावर, आणि किती वर ठेवायचा हे ज्याला कळतं त्याच्या हातात अर्धी कचेरी असते.

जिल्ह्याहून येणाऱ्या कागदाच्या दोन जाती. एक कार्यवाहीस्तव, म्हणजे त्यावर काहीतरी करावं लागतं. दुसरी माहितीस्तव, म्हणजे वाचून फाइलला लावा, न वाचता लावली तरी कुणी विचारत नाही. पंचाईत अशी की जिल्ह्याची कचेरी एकच पत्र नऊही तालुक्यांना काढायची, त्यामुळे नुसतं बघून जात ओळखू यायची नाही. यावर तिथल्या जुन्या कारकुनाने तोड काढली होती. ज्या तालुक्याला खरोखर काही करायचं असेल, पत्राखालच्या यादीत त्याच्या ओळीपुढे तो लाल पेन्सिलने खूण करायचा.

ते टपाल आणायला आमचा शिपाई आठवड्यातून दोनदा परभणीला जायचा. सगळी कचेरी त्याला मामा म्हणायची. रोजंदारीवर बरीच वर्षं काढून उशिरा कायम झालेला, चौथी शिकलेला माणूस. परतीच्या एसटीत बसल्या बसल्या तो पिशवीतले कागद चाळायचा. वाचायचा नाही, नुसता लाल रंग शोधायचा. लाल खुणेचे कागद वर, बाकीचे खाली. माझ्या टेबलावर गठ्ठा ठेवताना वरच्या कागदांवर पंजा ठेवून म्हणायचा, "भाऊसाहेब, हे बगा आदी." मी त्याची चेष्टा करायचो, की मामा, माझी अर्धी नोकरी तुमीच करायलात. पण त्याच्या काळात आमच्या कचेरीचा एकही कागद तारखेला चुकला नाही. तो सगळा नावलौकिक मी माझ्या खात्यावर घेतला होता.

मामा काविळीने गेला. आजार अंगावर काढला आणि परभणीच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. मागे बायको आणि कानाने बहिरी झालेली म्हातारी आई. मूलबाळ नव्हतं. पेन्शनही नव्या पद्धतीची, म्हणजे नावालाच. नोकरीत असताना माणूस गेला की घरातल्या एकाला अनुकंपावर नोकरी मिळते, तसा मामीचा अर्ज मीच लिहून दिला. तिचं नाव जिल्ह्याच्या प्रतीक्षायादीत लागलं. तेव्हा ती एक्केचाळीसची होती. पंचेचाळीस पूर्ण झाली की नाव आपोआप कमी होतं, हे मी तिला तेव्हाच सांगितलं होतं. तिने बोटांवर वर्षं मोजली आणि म्हणाली, "चार हायेत की मंग. लय झाली."

कचेरीच्या गावचा बाजार सोमवारी. मामी बाजाराला आली की कचेरीत यायची. उंबऱ्याच्या आत एक पाऊल, बाहेर एक पाऊल, असं उभं राहायची.

"जयभीम भाऊसाहेब. आलं का काई?"

"न्हाई मामी. आलं की तुमाला सांगतोच की."

"तुमी हायेत म्हून भरोसा हाय."

एवढंच बोलणं आणि एवढंच काम. कापूस वेचायच्या दिवसांत तिच्या बोटांना चिरा पडलेल्या असत. कचेरीत शिपायाची नोकरी लागली असती तर त्या बोटांना पाण्याचे ग्लास उचलण्यापलीकडे काही करावं लागलं नसतं.

मामा गेल्यानंतर थोड्याच दिवसांत टपालही गेलं. सगळा पत्रव्यवहार ईमेलवर आला. जिल्ह्याने नऊ तालुक्यांचा मिळून एक ग्रुप केला. एका पत्त्यावर पाठवलं की सगळ्यांना पोचतं. सोय चांगली, पण वापरणारे आमचेच लोक. जिल्ह्याने माहिती मागवली की कुठल्या तरी तालुक्याचा कारकून 'निरंक', म्हणजे कळवण्यासारखं काही नाही, असं उत्तर द्यायचा, आणि ते एकट्या जिल्ह्याला न जाता नऊही कचेऱ्यांना यायचं. मग दुसऱ्याचं निरंक, तिसऱ्याचं निरंक. दिवाळीला शुभेच्छा, त्या शुभेच्छांना आभार, आणि कुणाच्या तरी बदलीबद्दल अभिनंदन. लाल पेन्सिल तर कुठेच नव्हती. सकाळी संगणक लावला की न वाचलेल्या पत्रांची जाड काळी अक्षरं डोळ्यांत खुपायची. मी चिडायचो. एकदा तर सगळ्यांना निरंक पाठवणाऱ्याला फोन करून झापलं.

सेलूला जिनिंगच्या कचेरीत संगणकावर बसणारा माझा मेव्हणा एकदा म्हणाला, "दाजी, हातानं कामून निवडायलात? त्याला एकदा नियम लावून द्या. येनारं पत्र आपल्या आपन ज्याच्या त्याच्या फोल्डरात जातंय."

एका रविवारी त्याच्याकडून शिकून घेतलं आणि सोमवारी कचेरीत नियम लावला. ग्रुपच्या पत्त्यावर आलेलं पत्र माहितीस्तव नावाच्या फोल्डरात. खास आमच्या कचेरीच्या पत्त्यावर आलेलं कार्यवाहीस्तव नावाच्या फोल्डरात. नियम करताना खाली एक चौकोन होता, की पत्र 'वाचलेलं' म्हणून धरायचं का. ग्रुपच्या पत्रांसाठी मी तो चौकोनही भरला. म्हणजे पत्र यायचं, आपल्या जागी जायचं आणि काळ्या अक्षरांचा मागमूस राहायचा नाही.

असं करण्यामागे माझा एक हिशोब होता आणि तो आमच्या खात्यात सगळ्यांचाच असतो. एखादं कामाचं पत्र राहून गेलं तर स्मरणपत्र येतंच. पहिल्या पत्रावर काम करणारा कारकून मी तरी पाहिलेला नाही. आणि स्मरणपत्र ज्याच्या त्याच्या नावाने येतं, म्हणजे ते बरोबर कार्यवाहीच्या फोल्डरात पडणार. झालंही तसंच. कित्येक महिने काही बिघडलं नाही. साहेबांनी माझ्या संगणकाचा स्वच्छ पडदा शेजारच्या टेबलाला दाखवून म्हटलं, "याला म्हणतात काम." मला ते फार गोड लागलं. माहितीस्तव फोल्डर मी अधूनमधून उघडायचो, मग तेही सोडलं.

मामी दर सोमवारी येत होती. एकदा मी तिला टेबलाजवळ बोलावलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. कार्यवाहीचं फोल्डर रिकामं होतं. "हे बघा मामी, कोरं हाय. काई आलं असतं तर हितं दिसलं असतं." तिला अक्षर येत नव्हतं. तिने पदराने हात पुसले, जणू त्या पडद्याला हात लावायचा होता, आणि वाकून नीट पाहिलं. मग मान हलवून बाजाराला गेली.

त्या दिवशी पत्र येऊन नऊ दिवस झाले होते.

मला हे कळलं ते पुढे दीड महिन्याने, एका मंगळवारी. जिल्ह्याचं पत्र आलं, खास आमच्या कचेरीच्या नावाने, म्हणून बरोबर कार्यवाहीच्या फोल्डरात. अनुकंपाच्या उमेदवारांना कागदपत्रं तपासायला बोलावलं होतं, आपल्याकडील उमेदवार गैरहजर राहिल्या, त्यांना कळवलं होतं का, खुलासा करावा. मी दोनदा वाचलं. मग माहितीस्तव फोल्डर उघडलं आणि खाली खाली जात राहिलो. निरंक, निरंक, शुभेच्छा, निरंक, आणि त्यात ते पत्र. सोबत यादी, आणि यादीत मामीचं नाव. आपल्या उमेदवारास तात्काळ अवगत करावे, असं लिहिलेलं. 'वाचलेलं' म्हणून पडून होतं.

स्मरणपत्र कसं आलं नाही, हा पहिला विचार मनात आला, याची मला आज सगळ्यांत जास्त लाज वाटते. स्मरणपत्र ज्याला गरज असते तो पाठवतो. जिल्ह्याला मामीची काय गरज? गरज मामीला होती, आणि तिचं स्मरणपत्र तर दर सोमवारी चालत येऊन उंबऱ्यात उभं राहत होतं. पत्र आल्यापासून तपासणीच्या दिवसापर्यंत ती तीनदा येऊन गेली होती. तिन्ही वेळा मीच तिला परत पाठवलं.

मी तिची फाइल काढली. वयाच्या दाखल्यावरची जन्मतारीख पाहिली. पंचेचाळीस पूर्ण व्हायला सत्तावीस दिवस बाकी होते.

फाइल घेऊन साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं, नियमाचं, चौकोनाचं, सगळं. त्यांनी दार लावून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो, पण घाबरट. मीही तसाच, म्हणूनच आमचं जमायचं.

"खरं लिवलं तर तिला दुसरी तारीख मिळंल बी," ते म्हणाले. "अजून वय बसायलंय. पन मंग तुमच्यावर कारणे दाखवा निघंल, अन् मागनं माझ्यावर. तुमची किती राह्यली?"

"चार वर्षं."

"मंग सुखानं जाऊ द्या की. साध्या टपालानं कळवलं होतं, बाई आली न्हाई. साध्या टपालाची पोच नसती."

जावक नोंदवहीत रोजच्या शेवटी एक-दोन ओळी कोऱ्या सोडायची जुन्या कारकुनांची रीत असते. मागच्या तारखेचं काही घुसवायचं असेल तर जागा असावी म्हणून. मी त्यांना हसायचो. माझ्या वहीत एकही ओळ कोरी नव्हती. म्हणून दोन ओळींच्या मधल्या फटीत, नंबराला 'अ' लावून, बारीक अक्षरात मी मामीचं पत्र जावक केलं. तीस वर्षांच्या नोकरीत तेवढी एकच ओळ वाकडी आहे.

साहेबांच्या सहीने खोटा खुलासा गेला. पण घरी जेवण उतरेना. दुसऱ्या दिवशी मी जिल्ह्याला खरी हकिगत लिहायला बसलो. पत्र आमच्या कचेरीच्या चुकीने उमेदवाराला कळवलं गेलं नाही, चूक माझी आहे, वय संपण्याआधी तिला एक संधी द्यावी. चांगलं पत्र झालं होतं. पत्ता घातला, खाली माझं नाव घातलं. पाठवायचं बटन तेवढं दाबायचं राहिलं. शुक्रवारीही राहिलं, शनिवारीही. संगणकाने ते स्वतःच मसुद्यांच्या फोल्डरात ठेवून दिलं.

सोमवारी मामी आली.

"जयभीम भाऊसाहेब. आलं का काई?"

मी तिला आत बोलावून खुर्चीवर बसवलं. ती कधी बसत नसे, त्या दिवशी बसली. मी सांगितलं, की तुमाला कागद तपासायला बोलावलं होतं, तसं पत्र टपालानं धाडलं होतं. तुमी गेल्या न्हाईत, म्हणून नाव कमी होईल.

तिने मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग हळू म्हणाली, "पन मी तर दर सोमवारी येत व्हते. तुमी म्हनलात, काई न्हाई."

"ते दुसऱ्या टेबलावरनं गेलं मामी. मला म्हाईत नव्हतं."

यातले शेवटचे तीन शब्द खरे होते.

"मी दिवसभर रानात असते," ती म्हणाली, माझ्याशी नाही, स्वतःशीच. "म्हातारीला ऐकू येत न्हाई. टपालवाला येऊन हाका मारून गेला असंल. माजंच चुकलं. शेजारनीला सांगून ठिवायला पायजे व्हतं." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमाला लय तरास दिला चार वर्सं."

मी टेबलावरची जावक नोंदवही मिटून ठेवली.

"त्या कागदाची एक प्रत देता का? आपल्याला बोलावलं व्हतं, एवढं तरी घरात राहू द्या."

मी जिल्ह्याचं ते पत्र यादीसकट छापून काढलं. कुठं हाय माजं नाव, असं तिने विचारलं, मी बोट ठेवून दाखवलं. तिने कागद उजेडाकडे धरला, पुन्हा पुन्हा पाहिला.

"याला लाल खून न्हाई," ती म्हणाली. "ते सांगायचे, ज्याला लाल खून आसती त्यो कागद वर ठिवायचा."

मी खणातून लाल पेन्सिल काढली. बऱ्याच दिवसांत वापरली नव्हती, टोक करावं लागलं. तिच्या नावापुढे खूण केली आणि कागद तिच्या हातात दिला. तिने तो चौघडी करून पिशवीत भाजीच्या वर ठेवला, चुरगळू नये म्हणून, आणि बस चुकेल म्हणत उठली.

ती गेल्यावर मी मसुदा उघडला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि बंद केला. तिला पंचेचाळीस पूर्ण व्हायला अजून एकवीस दिवस होते.