गोल्फ कोर्सवरच्या शेळ्या

धरणगावच्या रस्त्यालगत ‘गोल्फ कोर्स व्ह्यू प्लॉट’ अशी पाटी लागली. प्लॉट कोणी घेतले नाहीत, गवत मात्र वाढलं. गावानं तेवढा शब्द ठेवून घेतला. ढोरं चारायला किंवा पहाटे डबा घेऊन लोक आता ‘गोल्फ कोर्सवर’ जातात.

राखणीला मगन आबा. बायको वारली, मुलगा सुरतेला. दिवसभरात बोलायला शेळ्या चारणारी भागाबाई तेवढी.

“आबा, गोल्फ कोर्स म्हंजे काय शे?” तिनं एकदा विचारलं.

प्लॉटवाल्या शेठकडून ऐकलेलं आबांनी सांगितलं, “गवतनं मैदान. बारीक चेंडू दूर मारानं, मंग त्याना मांगे चालत जावानं.”

“एकलाज?”

“एकला बी चालस.”

“मंग तुम्ही त रोजच खेयतस. चेंडू नही, इतलंच.”

परवा शेठचा फोन आला. गिऱ्हाईक यायचंय, आत शेळी दिसली तर नोकरी गेली. आबांनी भागाबाईला फाटकातूनच परत पाठवलं. गिऱ्हाईक आलं नाही. दुसऱ्या दिवशी भागाबाईही आली नाही.

आज सकाळी आबांनी मागच्या कुंपणाची तार वाकवून शेळी जाईल एवढी वाट केली आणि तिच्या घराकडे निघाले. शेठला काय सांगायचं, याची त्यांना चिंता नव्हती. भागाबाईला काय सांगायचं, ते काही केल्या ठरेना.