उजव्या हाताची नखं

चहाचा कप धरलेल्या नवऱ्याच्या उजव्या हाताची नखं वाढलेली आहेत, डाव्याची कापलेली. हे ऑनलाइन गिटार शिकतात. तारा छेडायला नखं हवीत, आणि नखं मोडतील म्हणून भांडी नकोत. मुलीच्या साखरपुड्यात गाणं वाजवणार, असं गावभर सांगून बसलेत. पण बोटं अडली की सर बदलून टाकतात, म्हणजे पुन्हा पहिला धडा. काही माणसांना शिकण्यापेक्षा सुरुवात करण्याचीच हौस फार.

"बाबा, साखरपुडा परवावर आला. वाजवणार ना?" मुलीने विचारलं.

"अगं, हे नवे सर काय छान समजावतात!"

ती स्पीकरवाल्याला फोन करायला गेली. मी ह्यांच्यापुढे लसणाचे गड्डे ठेवले. "नखं आहेत, तर सोला."

वाटीभर लसूण सोलून झाला. एकही सर बदलावा लागला नाही.