पाटी लागली, खोलीला मात्र कुलूप

माझ्या थोरल्या बहिणीला रुग्णालयात सगळे ‘वकिलीणबाई’ म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. घरी आम्ही तिला ताई म्हणतो आणि तिच्या रागाला वचकून असतो. पण ती मुळात तापट नव्हती हो. माहेरी असताना कुत्र्यालासुद्धा हाड म्हणायची नाही. तिला तापट कुणी केलं, ते सांगते.

ताई सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात परिचारिका. एकदा तिथे घरकाम करणारी एक पोर आली. मालकानेच तिच्यावर हात टाकला होता. आयाबाईंचा जीव कळवळला. त्यांनी पोरीला न्हाऊ घातलं, फाटलेले कपडे साबणाच्या पाण्यात टाकले. केलं मायेनेच, पण पुरावा त्या बादलीतून मोरीत गेला. मालक सुटला आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर मिशीला पीळ देत उभा राहिला.

“आपल्याच हातांनी सोडलं त्याला,” ताई म्हणाली.

मग तिला फॉरेन्सिक नर्सिंगच्या शिक्षणाचा पत्ता लागला. मारहाण झालेली, अत्याचार झालेली माणसं येतात, त्यांची शुश्रूषा करता करताच अंगावरचा पुरावा जपायचा, आणि वेळ आली की कोर्टात उभं राहून सांगायचं, हे ते काम. ताईने बिनपगारी रजा टाकली. भाऊजींनी पोरं आणि पोळपाट दोन्ही सांभाळलं. ती परगावी राहून शिकून आली.

अधीक्षक डॉक्टरांनी तोंड भरून कौतुक केलं. “फार छान, सिस्टर! फक्त असं पद आपल्याकडे मंजूर नाही. तुम्ही आपल्या जुन्याच जागी रुजू व्हा.”

“मग मी शिकले त्याचं काय?”

“ज्ञान कधी वाया जातं का?”

असली वाक्यं बोलायला काय जातं!

पुढे एक निवृत्त शिक्षिका आल्या. मुलगा घेऊन आला होता. “न्हाणीघरात घसरली,” म्हणाला. ताईने बाह्या वर केल्या तर दोन्ही दंडांच्या आतल्या बाजूला बोटांचे वळ. काही ताजे, काही पिवळे पडलेले. तिने मुलाला केसपेपर काढायला रांगेत पिटाळलं आणि पडदा ओढला.

“बाई, घरी कुणाची भीती वाटते का?”

म्हातारी छताकडे बघत म्हणाली, “मीच लहानाचा मोठा केलाय त्याला. आता त्याच्याचकडे बोट दाखवू?”

“बोट नका दाखवू. मला फक्त फोटो काढू द्या. पुढचं तुम्ही म्हणाल तेव्हा.”

म्हातारीने दुसरा हात आपणहून पुढे केला.

ड्युटीवरच्या डॉक्टरांनी ते वळ पाहिले. “मलाही दिसतंय, सिस्टर. आंधळा नाही मी. पण ‘मारहाण’ लिहिलं की कोर्टाच्या तारखांना हेलपाटे कोण घालणार? मी रुग्ण बघू की वकिलांची तोंडं?” आणि त्यांनी लिहिलं, ‘पडून दुखापत’. कळत नसतं तर एक वेळ माफ केलं असतं. इथे कळत होतं, आणि पेन तरीही तसंच चाललं!

ताईने आपल्या नोंदीत वळांची जागा, माप, रंग लिहिला. म्हातारी जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहिलं. वॉर्डात थोडी माया, थोडी झोप मिळाल्यावर म्हातारीच म्हणाली, “बोलवा पोलिसांना.”

साक्षीच्या दिवशी मी सोबत गेले होते. मुलाच्या वकिलाने विचारलं, “रुग्णालयात फॉरेन्सिक नर्स असं पद आहे?”

“नाही.”

“म्हणजे नसलेल्या पदावरून मत देताय?”

लोक हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताई शांतपणे म्हणाली, “पद नव्हतं साहेब, वळ होते. मी मत दिलेलं नाही. दिसलं ते मापून लिहिलं.”

न्यायाधीशबाईंनी ते फोटो ग्राह्य धरले. घर म्हातारीच्या नावावर होतं. मुलाला बाहेर पडावं लागलं.

रुग्णालयाने ताईला काय दिलं? नोटीस! अधिकाराबाहेर जाऊन काम केलं म्हणे. आणि बदली लिनन रूममध्ये, धुवून आलेल्या चादरींच्या घड्या लावायला. त्याच सुमारास एका विमा कंपनीचं बोलावणं आलं. पगार घसघशीत. काम काय, तर जखमी माणसांच्या जखमा तपासून त्यांचे दावे कसे खोटे पाडता येतील ते शोधायचं. “माझ्या विद्येला एकच गिऱ्हाईक आलं,” ताई म्हणाली, “तेही उलट्या बाजूचं.” भाऊजी एवढंच म्हणाले, “तुला जमणार नाही ते.” तिने नकार कळवला.

नंतर वरून तपासणी यायची ठरली, आणि एका खोलीवर पाटी लागली, ‘न्यायवैद्यक परिचर्या कक्ष’. खाली ताईचं नाव. आत मोडक्या चाकाच्या खुर्च्या, बाहेर कुलूप. मेट्रन म्हणाल्या, “पाहुणे आले की दाराशी हसून उभी राहा. बाकी काही नको.”

ताई उभी राहिली. तपासणीला आलेल्या बाईंनी विचारलं, “कक्ष चालू असतो का?”

“अगदी नियमित,” अधीक्षक म्हणाले.

“मॅडम,” ताई म्हणाली, “मी लिनन रूममध्ये असते. किल्ली माझ्याकडे कधीच नव्हती. पाटीचा रंग ओला आहे, बोट लावून बघा.”

अधीक्षकांचा चेहरा चुन्यासारखा झाला. खोलीतल्या मोडक्या खुर्च्या आठवड्याच्या आत हलल्या आणि किल्ली ताईच्या हाती आली.

आता ताई तिथे बसते, पण दुपारपुरती. सकाळी चादरी आहेतच. कॅमेरा नाही, फोटो तिच्याच फोनवर. पद अजून ‘विचाराधीन’. तेच ड्युटी डॉक्टर आता आपणहून रुग्ण पाठवतात, कारण साक्षीची पीडा परस्पर दुसऱ्याच्या गळ्यात जाते. नव्या दोघी परिचारिका ताईला विचारतात, “हे शिकून काय मिळेल?”

“सध्या? नोटीस,” ताई म्हणते. “तरी शिका. मी एकटी किती जणींना पुरणार?”

परवा मेट्रननी विचारलं, पडदे कुठल्या रंगाचे हवेत. ताई म्हणाली, “रंग मरू दे. आधी दाराला आतून कडी बसवा. एखादी बाई कपडे उतरवून बसलेली असते आणि कुणीही दार ढकलतं.” कडी अजून बसलेली नाही. रुग्ण आत असला की ताई खुर्ची दाराला लावून तिच्यावर ठाण मांडते, आणि बाहेरून कुणी धक्का दिला की तिचा आवाज अख्ख्या मजल्याला ऐकू जातो.