त्या गुरुवारचं पाणी

आमच्या साक्रीच्या ख्रिस्ती मंडळीत लाल पुठ्ठ्याची एक वही आहे. अंथरुणाला खिळलेली, एकटी पडलेली जी माणसं असतात, त्यांच्याकडे आठवड्यातून एकदा जाऊन बसायचं, शास्त्र वाचायचं, प्रार्थना करायची, आणि रविवारी उपासनेत उभं राहून त्या भेटींची नोंद मोठ्याने वाचायची. प्रत्येक नोंदीवर मंडळी 'आमेन' म्हणते. शाळेतून निवृत्त झाल्यावर अकरा वर्षं ती वही माझ्याकडे होती. तिच्यातली एक नोंद खोटी आहे. तिच्यावरही आमेन म्हटलं गेलं.

भेटींचा एक जुना नियम होता. ज्या घरी जायचं त्या घरचं काही घ्यायचं नाही. चहा नाही, पाणीसुद्धा नाही. आजाऱ्याच्या घराला आपला भार नको, एवढाच त्यामागचा हेतू. मी तो नियम इतरांपेक्षा कडक पाळला. घसा कोरडा पडला तरी पिशवीतली बाटली रस्त्यावर आल्यावरच काढायची. मला त्याचा अभिमान होता, हेही इथेच लिहून ठेवतो.

साक्रीच्या पश्चिमेला डोंगराकडे एका पाड्यावर आमच्या मंडळीतली एक आंधळी म्हातारी राहायची. सोबत तिची विधवा लेक. लेक सकाळी मजुरीला जायची ती दिवस मावळताना परतायची. म्हातारी दिवसभर एकटी. दर गुरुवारी दुपारी मी जायचो. दारामागे एक लोखंडी घडीची खुर्ची होती, ती उघडताना अशी किंचाळायची की म्हातारीला मी आल्याचं त्यावरूनच कळायचं.

त्या वर्षी उन्हाळा लागला तशी ती मला एक गोष्ट सांगू लागली.

"भाऊ, दुपारले दारम्हा कोणी तरी उभं ऱ्हास. घरमझार येत नही. नुसतं उभं ऱ्हास."

"वारा असेल, अक्का. झळा येतात."

"वाराले सावली ऱ्हास का? तोंडवर सावली पडस मना. गार लागस."

आंधळ्या माणसाला सावली कळते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी एक स्तोत्र वाचलं आणि निघालो. ती मात्र भ्यायलेली होती. लेक म्हणायची, माय दुपारी तोंडावर पदर घेऊन पडून राहते.

त्याच वर्षी फेब्रुवारीत माझी बायको गेली. तिसऱ्या आठवड्यात मी पुन्हा वही उचलली. लोक म्हणाले, "नाना, तुमचा विश्वास मोठा." माझ्याकडे वही घेऊन कोणी आलं नाही, कारण वही माझ्याचकडे होती. मी दुसऱ्यांच्या खाटांजवळ बसून धीराचे शब्द बोलत राहिलो. घरी परतल्यावर आठवायचं नाही, आज कोणासाठी प्रार्थना केली ते. आपल्या तोंडून दुसराच कोणी बोलतो आहे आणि तोही कंटाळलेला आहे, असं वाटायचं.

मे महिन्यातला तो गुरुवार. मी फाट्यावर उतरलो. बस पुढे शेवटच्या गावाला जाऊन पाऊण तासाने त्याच वाटेने परतायची. फाट्यावरून पाडा अर्ध्या तासाच्या पायवाटेवर. उन्हात तिथली कौलं थरथरताना दिसत होती. मी निघालो नाही. ठरवलं असं काही नव्हतं, पायच उचलेनात. थांब्याच्या पत्र्याखाली बसून राहिलो. एकही पाखरू ओरडत नव्हतं. मध्येच माझ्या पाठीमागून पावलं वाजत गेली, सावकाश, पायवाटेच्या दिशेने. वळून पाहिलं तर वाट मोकळी. धूळसुद्धा उडालेली नव्हती.

परतीच्या बसमध्ये तोच कंडक्टर होता. मला पाहून म्हणाला, "काय नाना, पाडा उठून गेला का? उतरलात तिथंच बसलेले!"

"बरं नाही वाटत," म्हणालो.

रविवारी सगळ्या नोंदी वाचल्या. त्या घराची ओळही वाचली: भेट दिली, स्तोत्र वाचलं, प्रार्थना केली. मंडळी म्हणाली, आमेन.

पुढच्या गुरुवारी मी तिची माफी मागायला गेलो. वाटेत वाक्य तयार केलं होतं. खुर्ची उघडली, ती किंचाळली, आणि म्हातारी हसली.

"आज बोलशी का मागला गुरुवारसारखा मुका बसशी?"

"मागच्या गुरुवारी?"

"इसरना का? उना, खुर्ची उघाडी, मना हात धरीसन बठना. पानी दे, म्हने. बाकी एक सबद नही. आवाज पार बसेल व्हता तुना."

ती बोलतच राहिली, लग्नघरची गोष्ट सांगावी तशी खुशीत. "मी उठनू, चाचपत गयू, माठमातलं पानी दिधं. इतला वरिस येस तू, पयलांदाव मना घरनं पानी पिना! मंग माले समजनं, हाऊ भलता थकेल शे. तुना डोकावर हात ठेवा, तुनाकरता प्रार्थना करी. तू रडना, भाऊ."

तयार केलेलं वाक्य जिभेवर होतं. मी ते बोललो नाही.

तिने हात पुढे केला, हवेत शोधत शोधत माझ्या डोक्यावर ठेवला, आणि पुन्हा प्रार्थना करू लागली. माझ्या झोपेसाठी, माझ्या पायांसाठी, माझ्या घरातल्या रिकाम्या जागेसाठी. बायको गेल्यापासून माझ्यासाठी कोणी देवाजवळ काही मागत असताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मला रडू आवरेना.

"मागला गुरुवारले असाच रडना तू," ती म्हणाली. "अस्साच."

निघताना विचारलं, "अक्का, दारात अजून कोणी उभं राहतं?"

"नही. त्या दिनपाईन कोणीच नही."

तिने माझ्यासाठी केलेल्या प्रार्थनेवर मी पुढची सगळी वर्षं वही चालवली. रात्री झोप येऊ लागली. दुसऱ्याच्या खाटेजवळ बसलो की शब्द पुन्हा माझे वाटू लागले. पण ती पहिली प्रार्थना तिने ज्याच्या डोक्यावर हात ठेवून केली, तो मी नव्हतो. मनाला समजावून पाहिलं की उन्हाच्या भ्रमात मीच गेलो असेन. पण कंडक्टरने मला उतरवलं तिथेच परत उचललं होतं. पाऊण तासात जाऊन, बसून, परत येणं माझ्या पायांना शक्य नव्हतं.

पावसाळा सरला आणि म्हातारी शांतपणे गेली. दफनाच्या दिवशी लेकीने सगळ्यांना सांगितलं, "नानानी मायना हातनं पानी लिधं. त्या दिनपाईन माय भ्याली नही." मंडळीच्या तरुण पाळकांनी तेव्हापासून नियम सैल केला. भेटीला जाणारे आता घरचं पाणी घेतात, आणि घेताना माझं नाव काढतात. मी मान खाली घालून ऐकत आलो. सत्य सांगितलं तर लेकीचा आधार जाईल, असं स्वतःला बजावत राहिलो. खरं म्हणजे मी माझं नाव राखत होतो.

आता मी धुळ्याला मुलाकडे असतो. गुडघे गेले. मंडळीतल्या दोघी दर गुरुवारी साक्रीहून मला भेटायला येतात. गेल्या महिन्यात त्यांतली एक पाणी पिऊन म्हणाली, "नाना, हे तुमच्यामुळे बरं का." त्या गेल्यावर मुलाला म्हणालो, मला साक्रीला ने.

ती लेक आता साक्रीतच राहते. ओट्यावर बसून सुपात ज्वारी पाखडत होती. भर दुपार होती. मी सगळं सांगितलं, फाट्यापासून आमेनपर्यंत.

"दहा वरिस, नाना?" तिने सूप खाली ठेवलं. "दहा वरिस मी बठ्ठा लोकेसले तुमनं नाव सांगत फिरनू. आनि तुम्ही ऐकत बठनात?"

"हो."

"आनि मना मायनी तुमनाकरता प्रार्थना करी!"

"हो."

तिने पुन्हा सूप उचललं, दोनदा पाखडलं आणि थांबली. मग तिचा चेहरा बदलला. आवाज खाली आला.

"मंग ते पानी कोन पिनं?"

तिने सूप बाजूला सारलं.

"मी सांजले उनू तव्हय खुर्ची उघडी व्हती, नाना. मायना खाटजोडे. मी मना हातवरी घडी करी ती. गलास रिकामा व्हता." ती स्वतःच्या तळहाताकडे पाहू लागली. "कोन बठेल व्हतं मना मायजोडे?"

"मला माहीत नाही, ताई."

मला वाटलं, आता हिला धास्ती बसेल आणि ती मीच बसवली. ती हात पदराला पुसायला गेली आणि तसाच धरून राहिली.

"माय भ्याली नही ना?"

"नाही. खुशीत सांगत होती."

"मंग लिव्हा," ती म्हणाली. "जसं शे तसं लिव्हा. आनि तिठेच वाचा, जठे खोटं वाचं."

रविवारी उपासनेत मुलाने मला धरून उभं केलं. वही मागवून मी ती जुनी ओळ खोडली होती, आणि खाली लिहिलेलं वाचलं: त्या गुरुवारी मी गेलो नाही. थकलो होतो, फाट्यावरून परत आलो, आणि गेलो म्हणून खोटं वाचलं. त्या घरी कोण गेलं ते मला ठाऊक नाही. त्याने पाणी मागितलं, तिने दिलं. त्याच्या डोक्यावर हात ठेवून तिने माझ्यासाठी प्रार्थना केली, आणि ती मला पोचली.

कोणी आमेन म्हणेना. वर पंखा फिरत होता. मागच्या बाकावरच्या दोघी-तिघींनी वळून दाराकडे पाहिलं. उकाड्यामुळे दार सताड उघडं होतं. मी खाली बसलो नाही.

मग बायकांच्या बाजूने एकटा आवाज आला. म्हातारीच्या लेकीचा.

"आमेन."