उसन्या बुटांवर बेतलेला पाय

क्वेस्तानचा पहिला पाय तुतीच्या लाकडाचा होता. नऊ वर्षांची असताना ती पेंजवीनच्या डोंगरात कंगरची भाजी खुडायला गेली आणि लढाईतून उरलेल्या सुरुंगाने तिचा डावा पाय गुडघ्याखालून नेला. गावच्या सुताराने तुतीचं खोड तासून, खोगिराचे पट्टे मारून तो घडवला. तो इतका करकरायचा की लपाछपीत तिला कोणी भिडू घेईना. पुढे सुलेमानी शहरात मदतवाल्यांनी कृत्रिम पायांचं केंद्र काढलं. तिथे प्लास्टिकचा हलका पाय घ्यायला गेलेली ही पोर तिथेच पाय करायला शिकली आणि तीस वर्षं तिथेच राहिली. आता मापं फोनच्या कॅमेऱ्याने घेतात, खोबणीत सिलिकॉनचा मऊ मोजा असतो. बाई कामाला वाघ होती आणि जिभेला त्याहून. कोणी घरी पडल्याची तक्रार केली की तिचं उत्तर ठरलेलं असे, "पाय मी दिला, सराव तुमचा बाप करणार का?"

बरेच जण पुन्हा फिरकत नसत. क्वेस्तान म्हणायची, आळशी आहेत.

फरामर्जकाका मात्र तीनदा पडून तीनदा परत आले. हवरामानच्या डोंगरातलं त्यांचं गाव असं, की खालच्या घराचं छप्पर म्हणजे वरच्या घराचं अंगण. जिथे जाल तिथे पायऱ्या. बायको वारलेली, एकटेच राहायचे आणि कलाश विणायचे. कलाश म्हणजे वर पांढरी सुती वीण आणि खाली चिंध्या ठोकून केलेला सपाट तळ, असा तिकडचा जोडा. उतारावरून घसरून आलेल्या सुरुंगाने त्यांचा उजवा पाय नेला होता.

"काका, इथे तर छान चालता. घोडं पेंड खातं कुठे?" क्वेस्तानने विचारलं.

"तुझ्या पायातच खोट आहे."

"खोट माझ्या पायात नाही, तुमच्या हट्टात आहे!"

म्हाताऱ्याने पाय सोडला आणि तिच्या टेबलावर आडवा ठेवला. "ठेव तुझ्याकडेच. मला भिंतीचा आधार बरा."

मुलगा आवात सोबत होता. तो हळूच म्हणाला, "बाबा, मग ठरलं तसं. येत्या शुक्रवारी सामान बांधू. माझ्याकडे लिफ्ट आहे, पायरी चढायला नको."

आवातचं घर सुलेमानीत सातव्या मजल्यावर होतं. फरामर्जकाका भिंतीला हात टेकत दाराकडे निघाले. आपण या माणसाला त्याच्या घरातून उठवतोय, असं क्वेस्तानला वाटलं.

शुक्रवारी ती तोच पाय काखेत मारून त्यांच्या दारात हजर झाली. गाद्या बांधून झाल्या होत्या. काकांनी कुरकुरत पाय चढवला, काळे चकचकीत बूट घातले आणि तिच्यासमोर दोन फेऱ्या मारल्या. चाल अगदी नीट होती.

"बघा! उगाच रडता," क्वेस्तान म्हणाली. "आता पायऱ्या उतरून दाखवा."

काकांनी उंबऱ्याशी बसून बूट काढले, पुसून बाजूला ठेवले आणि कलाश चढवले. दुसऱ्याच पायरीवर ते मागे कलंडले. आवातने धरलं म्हणून डोकं वाचलं.

"थांबा! बूट का काढलेत?"

"ते आवातच्या लग्नातले आहेत, त्याचेच. तुझ्याकडे यायचं म्हणून मागून घेतो. दगडी पायऱ्यांवर झिजवू कशाला? घरी आपले कलाश."

"अहो, मग मापाच्या दिवशी कलाशच का नाही घालून आलात?"

काकांनी तिच्याकडे बघितलं. "हकीमाच्या दारात शेणामातीच्या जोड्यांनी येऊ? मला आईबापांनी काही वळण लावलंय, पोरी."

क्वेस्तानने बाजूला ठेवलेला बूट उचलला आणि टाचेला बोटं लावून पाहिली. लग्नातल्या बुटांची टाच दोन बोटं उंच होती आणि सबंध पाय तिने त्या टाचेवर तोलला होता. टाच गेली की पाय मागे कलतो आणि वरच्या माणसालाही मागे ओढतो. तिच्याकडे रोजच्या जोड्यात कधी कोण आलं होतं? जो तो ठेवणीतले बूट घालून यायचा, नसले तर शेजाऱ्याचे. स्वतःसाठी मात्र तिने घरात अनवाणी चालायचा वेगळा, सपाट पाय कधीच करून ठेवला होता. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. हिला जळूनही कळलं नव्हतं.

तिने पिशवीतून पाना काढला. घोट्यातले चार स्क्रू सैल केले, पाय सरळ केला, पुन्हा आवळले. "या आता. कलाश घालूनच."

बारा पायऱ्या होत्या. काका उतरले, खाली जरा थांबले आणि वर आले. मग कोणी सांगितलं नसताना पुन्हा उतरून शेजाऱ्याच्या छपरावर गेले, पलीकडच्या अक्रोडांना हात लावून आले. आवातने गाद्यांची दोरी सोडली.

"पहिल्याच दिवशी असा करायला काय झालं होतं?" काकांनी दम खात विचारलं.

"चुकलंच माझं," क्वेस्तान म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून केंद्रात कोणी ऐकलेलं नव्हतं.

शनिवारी सकाळी तिने परत न आलेल्यांची यादी काढली. यादी लांब होती. तिने पहिला नंबर लावला. फोन पिरोजआजींनी उचलला.

"पाय? तो खुंटीला आहे, चार वर्षं झाली. का गं?"

"आजी, तो घेऊन या. आणि घरात घालता तेच पायताण घालून या, नवे बूट नकोत. मी त्या बुटांची टाच धरून पाय बेतला, म्हणून तुम्ही पडत होतात. चूक माझी होती."

पलीकडे खुंटीवरून काहीतरी काढल्याचा आवाज आला.

"पोरी," आजी म्हणाल्या, "मला वाटायचं, मलाच चालता येत नाही."