बोटाला न लागणाऱ्या ज्वाळा

गॅरेजमध्ये त्याला सगळे उस्ताद म्हणत, आणि त्यालाही ते गोड लागे. चेपलेला दरवाजा ठोकून, पुट्टी भरून, रंगवून झाला की तो डोळे मिटून त्यावरून बोट फिरवायचा. जुना रंग कुठे संपला आणि नवा कुठे सुरू झाला हे बोटाला कळलं, तर काम पुन्हा. चाळीस वर्षं त्याने हा हट्ट सोडला नाही.

या हट्टापायीच एकदा त्याची जीभ सैल सुटली होती. मामाने धाकट्या भावाला प्लास्टिकचे भाग जोडून करायच्या मॉडेल गाडीचा खोका आणला होता. हॉट रॉड म्हणतात तसली गाडी, म्हणजे टप कापून बुटकी केलेली जुनी मोटार, इंजिन उघडंवाघडं, मागची चाकं पुढच्यांच्या दुप्पट. धाकट्याने महिनाभर खपून ती जोडली आणि दारांवर ब्रशने ज्वाळा रंगवल्या. उस्ताद तेव्हा नुकता गॅरेजला लागलेला, अंगात वारं शिरलेलं. त्याने बोट फिरवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "ज्वाळा कसल्या, ठिगळाची शिवण आहे ही." घर खो खो हसलं. धाकट्याने पुन्हा तसला खोका उघडला नाही.

आता साखरेच्या दुखण्याने धाकट्याची नजर पार गेली होती. एके दिवशी त्याने फोन केला. "दादा, माझ्या त्या गाडीचं चाक निखळलंय. तेवढं चिकटवून देशील?"

तेवढं कशाला, उस्तादाने मनात म्हटलं. इतक्या वर्षांचं ते बोलणं धुऊन काढायची संधी चालून आली होती. त्याने गाडी गॅरेजमध्ये नेऊन ब्रेक ऑइलमध्ये बुडवली, टूथब्रशने जुना रंग खरवडला, पिवळी पडलेली काच घासून लख्ख केली. मग चिकटपट्ट्या लावून, बारीक फवाऱ्याने नव्या ज्वाळा मारल्या. वर लॅकरचे पाच हात, पाण्याचा पॉलिशपेपर. धाकट्याला दिसणार नाही, पण बोटांना तर कळेल, या विचाराने तो पोरासारखा हरखून गेला होता.

धाकट्याने गाडी मांडीवर घेतली. बोटं टपावरून दारावर आली आणि तिथेच घुटमळली. पुढे गेली, मागे आली.

"ज्वाळा काढून टाकल्यास?"

"आहेत की. आधीपेक्षा झकास."

"कुठे?"

उस्तादाने त्याचं बोट धरून ज्वाळेच्या कडेने फिरवलं. काचेवरून फिरावं तसं ते फिरलं.

दारात उभी असलेली भावजय हळूच म्हणाली, "रोज दुपारी त्यावर बोट फिरवत बसायचे, भावोजी. म्हणायचे, एवढंच काय ते मला अजून दिसतं."

आयुष्यभराची विद्या पणाला लावून त्याने भावाचं उरलंसुरलं बघणं पुसून टाकलं होतं. "थांब," तो घाईघाईने म्हणाला, "मी ब्रशने करतो. जाड, तुझ्यासारखं."

धाकटा हसला. त्या हसण्यात राग असता तर बरं झालं असतं.

"राहू दे, दादा. इतकं वाईट तुला जमायचं नाही."